हळू चालणारा मारिओ

गेल्या पावसाळ्यात पनवेलच्या जुन्या घराचा माळा आवरताना एक पुठ्ठ्याचे खोके हाती लागले. आत करड्या प्लॅस्टिकचा एक डबा, त्याला वायरने जोडलेले दोन रिमोट, एक खोटी बंदूक आणि तीन पिवळ्या कॅसेट. १९९३ च्या दिवाळीत घरी आलेला हा आमचा 'टीव्ही गेम'. तेव्हा लोकल पनवेलपर्यंत पोचलेली नव्हती. एसटीने दादर, तेथून लोकलने ग्रँट रोड आणि मग चालत लॅमिंग्टन रोड असा प्रवास करून वडिलांनी तो आणला होता. कॅसेट म्हणजे गाण्याची फीत नव्हे. आत खेळाचा प्रोग्रॅम कायमचा कोरलेली चिप असे. पण मुले तिला कॅसेटच म्हणत, म्हणून आम्हीही तोच शब्द ठेवला आहे.

डबा पुसून सुरू केला आणि मारिओचा खेळ लावला. शेजारी मुलगा संगणकावर तोच खेळ खेळत होता. त्याचा मारिओ पळत होता, आमचा चालत होता. प्रथम वाटले, तीस वर्षे माळ्यावर पडून यंत्र म्हातारे झाले असावे. मग घड्याळ लावले. या खेळात वर कोपऱ्यात उरलेला वेळ दिसतो आणि पहिल्या टप्प्यात तो ४०० पासून उतरत जातो. संगणकावर ४०० चे ३०० व्हायला ४० सेकंद लागले, आमच्या डब्यावर ४८. पुन्हा मोजले, उत्तर तेच. ४० आणि ४८, म्हणजे पाचास सहा. म्हातारपणामुळे आलेला मंदपणा इतक्या नेमक्या प्रमाणात येत नाही. याचे कारण शोधताना जो इतिहास हाती आला, तो या लेखात सांगत आहोत.

पत्त्यांच्या कंपनीचा संगणक

मूळ यंत्र जपानचे. क्योतो शहरात १८८९ मध्ये खेळण्याचे पत्ते बनवण्यासाठी स्थापन झालेल्या निन्टेंडो कंपनीने १५ जुलै १९८३ रोजी 'फॅमिली कॉम्प्युटर' बाजारात आणला. लोक त्याला 'फॅमिकॉम' म्हणू लागले. त्याची किंमत १४,८०० येन होती आणि त्याच्या रचनेचे प्रमुख होते मासायुकी उएमुरा. १९८५ मध्ये हेच यंत्र वेगळ्या डब्यात घालून अमेरिकेत विकायला सुरुवात झाली.

त्याचा सूक्ष्मप्रक्रियक रिको कंपनीने बनवला होता. त्याच्या गाभ्यात होता १९७५ सालचा '६५०२' हा प्रक्रियक. त्यात सुमारे साडेतीन हजार ट्रान्झिस्टर होते आणि तो २५ डॉलरला मिळे. त्या काळी ही किंमत फारच कमी होती. यंत्राची कामचलाऊ स्मृती अवघी दोन किलोबाइट आणि चित्रासाठी आणखी दोन. मारिओचा संपूर्ण खेळ, म्हणजे चित्रे, संगीत, सर्व टप्पे, ४० किलोबाइटमध्ये बसवलेला होता. आपण वाचत असलेला हा लेख आजच्या संगणकात साठवला, तर त्याची साधारण पाऊण जागा एकटा लेखच घेईल.

प्रक्रियकाच्या जोडीला चित्र काढणारी एक स्वतंत्र चिप होती. पडदा आडव्या रेषांनी रंगवला जातो. ही चिप एकेका रेषेवरचे ठिपके क्रमाने दूरचित्रवाणी संचाकडे पाठवी. एक चित्र पूर्ण झाले की ती प्रक्रियकाला इशारा देई. त्या इशाऱ्यावर खेळ एक पाऊल पुढे सरके: मारिओ थोडा हलणार, संगीताचा हिशेब पुढे जाणार. कोपऱ्यातला वेळ अशा दर २४ चित्रांनी एकाने कमी होतो. म्हणजे १०० आकडे उतरायला २,४०० चित्रे लागतात. सेकंदाला ६० चित्रे असतील तर ४० सेकंद, ५० असतील तर ४८. कोड्याचा पहिला भाग येथे सुटला. या खेळात वेगळे घड्याळ नाहीच. दूरचित्रवाणीचे चित्र हेच त्याचे घड्याळ आहे.

विजेची वारंवारता आणि खेळाचा वेग

मग आमच्याकडे ५० चित्रे का? उत्तर घरातल्या प्लगमध्ये आहे. अमेरिकेत विजेची वारंवारता ६० हर्ट्झ आहे, भारतात आणि युरोपात ५०. सुरुवातीच्या दूरचित्रवाणी संचांत विजेच्या पुरवठ्याची कंपने चित्रात डोकावत. चित्राची गती विजेच्या वारंवारतेशी जुळलेली असली की हा दोष पडद्यावर सरकत न राहता स्थिर राही आणि कमी जाणवे. म्हणून ज्या देशात जशी वीज तशी दूरचित्रवाणी, असा शिरस्ता पडला. जपानमध्ये निम्म्या भागात ५० आणि निम्म्या भागात ६० हर्ट्झची वीज असली, तरी दूरचित्रवाणी अमेरिकन पद्धतीची, ६० ची होती. भारतात १९८२ मध्ये रंगीत प्रक्षेपण आले ते ५० च्या 'पाल' पद्धतीचे.

फरक एवढ्यावर थांबत नाही. रंगाची माहिती वाहून नेणाऱ्या लहरीची वारंवारता अमेरिकन पद्धतीत सुमारे ३.५८ मेगाहर्ट्झ, तर पालमध्ये सुमारे ४.४३ मेगाहर्ट्झ असते. फॅमिकॉममधील स्फटिक या लहरीच्या सहापट वेगाने कंप पावतो: २१.४८ मेगाहर्ट्झ. त्याला १२ ने भागले की प्रक्रियकाचा ठोका मिळतो आणि ४ ने भागले की चित्राच्या ठिपक्याचा. म्हणजे प्रक्रियकाच्या एका ठोक्यात बरोबर तीन ठिपके. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनी हे 'तीन' गृहीत धरले. पडद्याच्या मध्येच, अमक्या रेषेवर, चित्र बदलायचे असेल तर ते ठोके मोजत आणि नेमक्या क्षणी हुकूम सोडत.

युरोपसाठी यंत्र बनवताना स्फटिक पालच्या रंगलहरीच्या सहापट, म्हणजे २६.६ मेगाहर्ट्झचा घ्यावा लागला. निन्टेंडोने तो प्रक्रियकासाठी १६ ने आणि ठिपक्यांसाठी ५ ने भागला. आता एका ठोक्यात ३.२ ठिपके येऊ लागले आणि जुने हिशेब चुकले. त्यामुळे युरोपसाठी अनेक खेळ दुरुस्त करून काढावे लागले. मारिओच्या युरोपीय आवृत्तीत त्याची चालही वाढवलेली आहे.

आमचा डबा उघडला तेव्हा आत दोन चाळीस पायांच्या चिप दिसल्या. त्यांवर तैवानच्या यूएमसी कंपनीचे 'यूए ६५२७ पी' आणि 'यूए ६५३८' हे क्रमांक होते. शेजारी २६.६ मेगाहर्ट्झचा स्फटिक. या चिप म्हणजे जपानी चिपची नक्कल. पण नक्कल करणाऱ्याने एके ठिकाणी डोके चालवले होते. त्याने १६ ऐवजी १५ ने भागले. १५ आणि ५: पुन्हा एका ठोक्यात बरोबर तीन ठिपके!

आणखी एक अडचण उरत होती. अमेरिकन पद्धतीत एका चित्रात २६२ रेषा मोजल्या जातात, पालमध्ये ३१२. या जादा ५० रेषांचा वेळ कोठे घालायचा? शाळेचे उदाहरण घेऊ. घंटा झाल्यापासून तास सुरू होईपर्यंत वीस मिनिटांची सुट्टी आहे आणि मुलांना तिची सवय आहे. आता दिवस पन्नास मिनिटांनी वाढवायचा आहे. ही पन्नास मिनिटे घंटेनंतर घातली तर सुट्टी सत्तर मिनिटांची होईल आणि सवयीचे गणित बिघडेल. तीच तास संपल्यावर, पण पुढची घंटा होण्याआधी घातली, तर घंटा ते तास हे अंतर पूर्वीएवढेच राहील. नकलेत नेमके हेच केलेले आहे. चित्र संपल्यावर ५० रेषा नुसते थांबायचे, मग इशारा द्यायचा. इशाऱ्यापासून चित्र सुरू होईपर्यंत मुळातल्याप्रमाणेच २० रेषा. परिणाम असा, की जपानी आणि अमेरिकन खेळ कोणतीही दुरुस्ती न करता पाल संचावर नीट चालत. फक्त एक षष्ठांशाने हळू.

संगीताचेही तसेच. लय मंदावली, पण स्वराची पट्टी प्रक्रियकाच्या ठोक्यावर ठरते आणि तो ठोका मुळापेक्षा जेमतेम एक टक्का कमी आहे. एवढा फरक कानाला सहसा कळत नाही. युरोपीय यंत्रात तो सात टक्के होता, म्हणजे हार्मोनियमच्या एका पट्टीहून अधिक.

नाव कोणाचे राहिले?

भारतात १९९१ पूर्वी आयातीवर परवाने आणि जबर कर होते. मूळ फॅमिकॉम कोणी नातेवाइकाने परदेशातून आणला तरच पाहायला मिळे. पुढे बाजारात आल्या त्या नकला: 'लिटल मास्टर', 'टर्मिनेटर' आणि आमच्यासारखे कित्येक नाव नसलेले डबे. हे सारे सचोटीचे होते असे म्हणता येणार नाही. भारतीय कॉपीराइट कायद्यात १९८४ च्या दुरुस्तीने संगणकाच्या प्रोग्रॅमला संरक्षण मिळाले होते आणि आमच्या पिवळ्या कॅसेटमधील खेळांचे पैसे ते लिहिणाऱ्यांपर्यंत पोचलेले नसणार. खरेदीतही फसगत होतीच. एका कॅसेटवर '९९९९९९ इन १' असे छापलेले आहे. मोजले तर निराळे खेळ वीसही भरत नाहीत. उरलेल्या ओळींत तेच खेळ दुसऱ्या टप्प्यापासून सुरू होतात.

तरीही शहरोशहरीच्या अनेक घरांत खेळता येणारा पहिला संगणक आला तो या रूपात, आणि त्याचा इतिहास कोणी लिहिला नाही. रशियात नेमकी हीच कथा घडली. तेथे अशाच नकला डिसेंबर १९९२ पासून 'डेंडी' या नावाने विकल्या गेल्या. तिथल्या मुलांनी मोठेपणी ते डबे जमवले, उघडले, मोजले आणि लिहून ठेवले. आज संगणकावर जुने खेळ चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये यंत्राची पद्धत निवडायची सोय असते. त्यात अमेरिकन, पाल आणि तिसरे नाव 'डेंडी' असते. आमचा १५ ने भागणारा, ५० रेषा थांबणारा, लॅमिंग्टन रोडवरून आलेला डबा या तिसऱ्या नावाखाली मोडतो. पनवेलमध्ये आम्ही ज्या वेगाने खेळलो, त्या वेगाला जगात रशियन नाव आहे. आम्ही काही लिहून ठेवले नाही, तेव्हा तक्रार कोणाकडे करणार?

फुंकर, अडॅप्टर आणि बंदूक

डबा चालू करतानाचे अनुभवही सांगण्यासारखे आहेत. पहिल्याच दिवशी आम्ही घरातला कोणता तरी नऊ व्होल्टचा अडॅप्टर लावला. त्याच्या पिनेचे मधले टोक धन होते आणि डब्याला ऋण हवे होते. विद्युतदाब पाच व्होल्टवर आणणारा तीन पायांचा '७८०५' जळाला. सुदैवाने त्याने चिप वाचवल्या, आणि तो थोड्या रुपयांत मिळतो. आकडा वाचून चिन्ह न वाचणे ही चूक आम्ही विद्यार्थ्यांच्या वहीत नेहमी लाल शाईने दाखवतो.

कॅसेट लागली नाही की लहानपणी आम्ही तिच्यात फुंकर मारत असू. फुंकरीने ती चालते अशी सर्वांचीच खात्री होती. वस्तुतः श्वासातल्या ओलाव्याने तांब्याच्या पट्ट्या गंजतात. काम होई ते कॅसेट काढून पुन्हा घातल्यामुळे, कारण त्या घर्षणाने संपर्क साफ होई. वर्षाला तीन हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या आमच्या भागात तर हवाच पुरेसा गंज आणते. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाने पट्ट्या पुसल्यावर तिन्ही कॅसेट चालल्या.

एक सुधारणाही केली. डब्यातील चित्राचा संकेत एका पत्र्याच्या पेटीत जाऊन रेडिओलहरीवर स्वार होतो आणि अँटेनाच्या वाटेने संचात शिरतो. या प्रवासात चित्रावर जाळी येते. पेटीच्या अलीकडे संकेत पकडून, एक ट्रान्झिस्टर व दोन रोधक जोडून तो थेट संचाच्या व्हिडिओ खाचेत दिला. जाळी गेली.

बंदूक मात्र जुन्या काचनळीच्या संचाशिवाय चालत नाही. चाप ओढला की पडदा एका चित्रापुरता काळा होतो आणि पुढच्या चित्रात फक्त बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो. प्रकाश पडद्याकडून बंदुकीत जातो, बंदुकीतून काहीच निघत नाही. आतील प्रकाशग्राही आधी काळोख, मग उजेड पाहतो. तेव्हा नेम लागला. काचनळीवर चित्र आले त्या क्षणीच उमटते. आजचे सपाट पडदे ते काही शतांश सेकंद उशिरा दाखवतात, तोवर खेळाने निकाल दिलेला असतो. शिवाय बंदुकीचे परिपथ काचनळीवर सेकंदाला साडेपंधरा हजार वेळा सरकणाऱ्या रेषेशी जुळवलेले असतात.

वर्गात काय करता येईल?

असा डबा गावात कोणाकडे तरी माळ्यावर असेल. तो भंगारात जाण्यापूर्वी मुलांना आणायला सांगावे. स्टॉपवॉचने ४०० ते ३०० हा वेळ मोजावा. ४० आला की ४८, यावरून यंत्र कोणत्या पद्धतीचे ते मुलांनीच ठरवावे. प्लग काढून डबा उघडावा, स्फटिकावरचा आकडा वाचावा आणि भागाकार करावा. काचनळीचा दूरचित्रवाणी संच मात्र कधीही उघडू नये. बंद केल्यावरही त्यात जिवावर बेतेल इतका विद्युतभार राहतो.

आणि वहीत लिहून ठेवावे: डबा कोठून आणला, कोणत्या साली, केवढ्याला, चिपवर काय लिहिले होते. नंतरच्या नकलांमध्ये सर्व चिप काळ्या राळेच्या एका ठिपक्याखाली गेल्या आणि त्यांवर वाचण्यासारखे काही उरले नाही. अशा डब्याची हकिगत फक्त तो विकत घेणाऱ्यालाच ठाऊक असते. आमच्या डब्याची किंमत किती होती, हे आम्हांला आता आठवत नाही. सांगू शकणारे वडील हयात नाहीत.