कोल्हापूर शहराची आर्थिक जडणघडण आणि दैनंदिन वाहतूक : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :
कोल्हापूरचा इतिहास बहुधा राजघराणे, महालक्ष्मीचे मंदिर, कुस्ती आणि सामाजिक सुधारणा या अंगांनी लिहिला गेला आहे. शहरात माल कसा आला आणि माणसे कामावर कशी गेली, हा प्रश्न मात्र तुलनेने दुर्लक्षित राहिला. या शहराच्या आर्थिक वाटचालीतील प्रत्येक टप्प्यामागे वाहतुकीच्या साधनांतील बदल उभा आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

रेल्वे आणि बाजारपेठ :
अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात करवीर राज्याची राजधानी पन्हाळ्याहून कोल्हापुरास आली. मंदिराभोवतीच्या पेठांचा व्यापार दीर्घकाळ बैलगाडीवर अवलंबून होता. कोकणात उतरण्यास फोंडा, आंबा यांसारखे घाट होते. परंतु पावसाळ्यात ही वाहतूक मंदावत असे. १८८८ मध्ये मिरज-कोल्हापूर लोहमार्गाचे काम सुरू झाले व १८९१ मध्ये तो खुला झाला. सुमारे २९ मैलांचा हा मीटरगेज मार्ग संस्थानच्या खर्चाने बांधला गेला, ही बाब विशेष उल्लेखनीय आहे. संस्थानने केवळ परकीय कंपनीची वाट पाहिली नाही, तर स्वतःचे भांडवल गुंतविले.

राजर्षी शाहू महाराजांनी या मार्गाचा आर्थिक उपयोग ओळखला. १८९४ मध्ये राज्याधिकार मिळाल्यानंतर पुढच्याच वर्षी त्यांनी स्थानकालगत शाहूपुरी ही व्यापारपेठ वसविली. खेड्यातील गुऱ्हाळात तयार झालेला गूळ बैलगाडीने पेठेत यावा आणि तेथून रेल्वेने दूरच्या बाजारात जावा, अशी साखळी निर्माण झाली. १९०६ मध्ये शाहू मिलची पायाभरणी झाली. याच लोहमार्गावर १९१७ मध्ये जयसिंगपूर वसविण्यात आले. राधानगरी धरणाच्या योजनेने उसाच्या शेतीला पाण्याचा आधार दिला. पाणी, पेठ आणि रेल्वे यांचा हा एकत्रित विचार होता.

रस्ते व उद्योग :
कोल्हापूर हे लोहमार्गाचे अखेरचे स्थानक राहिले. १९७१ मध्ये मार्ग ब्रॉडगेज झाला, तरी घाट उतरून कोकणात जाणारी रेल्वे साकार झाली नाही. त्यामुळे विस्ताराचा भार पुणे-बंगळूर महामार्गावर आला. शिवाजी उद्यमनगरातील कुशल कारागिरांनी तेलावर चालणारी इंजिने आणि ओतकामाचा धंदा वाढविला होता. पुढे शिरोली, गोकुळ शिरगाव व कागल या औद्योगिक वसाहती महामार्गाच्या आसपास उभ्या राहिल्या. कारखाने शहराबाहेर गेले आणि कामगाराचे घर व काम यांतील अंतर वाढले.

दैनंदिन प्रवास :
१९४९ मध्ये संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. १९६२ मध्ये शिवाजी विद्यापीठ स्थापन झाले आणि त्याच वर्षी नगरपालिकेची के.एम.टी. बससेवा सुरू झाली. महानगरपालिका मात्र १९७२ मध्ये अस्तित्वात आली. टांगा व सायकल यांच्या शहरास बसने उपनगरे जोडून दिली. जेथे बस पुरेशी नव्हती, तेथे 'वडाप' या नावाने ओळखली जाणारी खासगी वाहतूक आली. दुधाचे कॅन घेऊन येणारा गवळी, महाविद्यालयीन विद्यार्थिनी आणि पाळीचा कामगार यांच्या दृष्टीने वाहन ही चैन नसून उत्पन्नाची व शिक्षणाची पूर्वअट आहे.

रस्त्याचा खर्च कोणी सोसावा, हा प्रश्नही येथेच तीव्रतेने उभा राहिला. शहरांतर्गत रस्ते खासगीकरणातून बांधून त्यावर टोल बसविण्यात आला, तेव्हा सर्वपक्षीय जनआंदोलन झाले आणि २०१५ च्या अखेरीस हा टोल रद्द झाला. २०१९ व २०२१ च्या महापुरात पंचगंगेचे पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आले व वाहतूक बंद पडली. एकाच मार्गावर विसंबलेल्या अर्थव्यवस्थेची मर्यादा त्यातून स्पष्ट झाली.

निष्कर्ष :
१८९१ ची रेल्वे हा सार्वजनिक भांडवलाचा निर्णय होता आणि त्याचे फळ पिढ्यान्‌पिढ्या मिळाले. त्यानंतर उद्योग विस्तारले, परंतु सामान्यांच्या प्रवासाचे नियोजन त्या प्रमाणात झाले नाही. दुचाकी घेणे ज्याला परवडते त्याने आपला प्रश्न सोडविला. ज्याला परवडत नाही तो थांब्यावर उभा राहिला. म्हणून शहर बससेवेचे मूल्यमापन केवळ नफा-तोट्याच्या हिशेबाने न करता, शाहूकालीन लोहमार्गाप्रमाणे दीर्घकालीन सार्वजनिक गुंतवणूक म्हणून व्हावे, हेच या इतिहासाचे सांगणे आहे.