राहुल भेके

राहुल भेके (जन्म: ६ डिसेंबर १९९०, मुंबई) हा भारतीय व्यावसायिक फुटबॉलपटू असून तो बचावफळीत खेळतो. कारकिर्दीच्या पूर्वार्धात तो मुख्यतः उजव्या बगलेवर खेळत असे, पुढे तो मध्य बचावपटू म्हणून स्थिरावला. बंगळुरू एफ.सी. आणि मुंबई सिटी एफ.सी. या दोन्ही संघांकडून त्याने इंडियन सुपर लीगचा चषक जिंकला आहे.

पार्श्वभूमी

भेके व्यावसायिक फुटबॉलमध्ये आला त्या काळात महाराष्ट्रातील क्लब एकामागून एक बंद होत होते. महिंद्रा युनायटेड २०१० मध्ये, तर पुणे एफ.सी. २०१५ मध्ये थांबला. ज्या मुंबई एफ.सी.मधून भेकेने आय-लीगमध्ये पदार्पण केले, तो क्लबही २०१७ मधील पदावनतीनंतर टिकला नाही. त्यामुळे येथील खेळाडूला पुढची वाट बहुधा राज्याबाहेरच शोधावी लागे. मुंबई एफ.सी.मध्ये त्याचे प्रशिक्षक खालिद जमील होते; तेच २०२५ मध्ये भारतीय राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक झाले.

क्लब कारकीर्द

मुंबईहून भेके कोलकात्याच्या ईस्ट बंगालकडे गेला. तेव्हा आय-लीग आणि इंडियन सुपर लीग या स्पर्धा वर्षाच्या वेगवेगळ्या काळात होत असल्याने, तो २०१५ मध्ये केरळ ब्लास्टर्सकडून आणि २०१६ मध्ये एफ.सी. पुणे सिटीकडून लोनवर खेळला. (पुणे सिटी हा क्लबही २०१९ मध्ये बंद झाला.)

२०१७ मध्ये तो बंगळुरूत दाखल झाला. पहिल्याच हंगामात, १७ मार्च २०१८ रोजी, बंगळुरूला स्वतःच्या मैदानावर अंतिम सामन्यात चेन्नईयिनकडून २-३ अशी हार पत्करावी लागली. चेन्नईयिनचे त्यांतील दोन गोल मायल्सन आल्वेस या बचावपटूने हेडरने केले होते. महिन्याभरानंतर भुवनेश्वर येथे झालेल्या सुपर कपच्या अंतिम सामन्यात ईस्ट बंगालने आघाडी घेतली असता, भेकेने आपल्याच जुन्या क्लबविरुद्ध बरोबरीचा गोल केला. बंगळुरूने तो सामना ४-१ असा जिंकला.

बरोबर एका वर्षाने, १७ मार्च २०१९ रोजी, लीगचा अंतिम सामना अंधेरीच्या मुंबई फुटबॉल अरेनावर होता. प्रतिस्पर्धी एफ.सी. गोवा होता. नियमित वेळेत गोल झाला नाही. जादा वेळेत गोव्याच्या अहमद जाहूला लाल कार्ड मिळाले आणि ११७व्या मिनिटाला डिमास डेल्गाडोच्या कॉर्नरवर भेकेने हेडरने सामन्यातील एकमेव गोल केला. बंगळुरूचे इंडियन सुपर लीगमधील हे पहिले विजेतेपद जन्मगावच्या मैदानावर, परंतु परराज्यातील क्लबच्या गणवेशात त्याच्या वाट्याला आले.

२०२१ मध्ये तो मुंबई सिटीत दाखल झाला. ११ एप्रिल २०२२ रोजी रियाध येथे एएफसी चॅम्पियन्स लीगमध्ये मुंबई सिटीने इराकच्या अल-कुवा अल-जाविया या संघाला २-१ असे हरवले. या स्पर्धेतील भारतीय क्लबचा हा पहिला विजय होय. विजयी गोल भेकेचाच, पुन्हा कॉर्नरवरील हेडरने. आणि कॉर्नर घेणारा होता तोच जाहू, जो आता मुंबई सिटीकडून खेळत होता. २०२२-२३ मध्ये संघाने लीग शील्ड पटकावली. ४ मे २०२४ रोजी कोलकात्यात मोहन बागानला ३-१ असे नमवून मुंबई सिटीने चषक जिंकला, तेव्हा संघाचे नेतृत्व भेकेकडे होते. त्यानंतर तो पुन्हा बंगळुरूकडे गेला.

राष्ट्रीय संघ

राष्ट्रीय संघाचे दार त्याच्यासाठी उशिराच उघडले. ५ जून २०१९ रोजी थायलंडमधील किंग्ज कप स्पर्धेत कुरसावविरुद्ध त्याने पदार्पण केले, तेव्हा त्याचे वय २८ वर्षे होते. त्याच वर्षी १० सप्टेंबरला आशियाई विजेत्या कतारला दोहा येथे गोलशून्य बरोबरीत रोखणाऱ्या संघात तो उजव्या बगलेवर होता. कतारच्या सततच्या आक्रमणापुढे टिकून मिळवलेला तो एक गुण भारतीय बचावफळीच्या उत्तम कामगिरींत गणला जातो. जानेवारी २०२४ मधील आशियाई चषकात मात्र भारताने तिन्ही साखळी सामने गमावले आणि एकही गोल केला नाही.

त्याचा पहिला आंतरराष्ट्रीय गोल १८ नोव्हेंबर २०२४ रोजी हैदराबाद येथे मलेशियाविरुद्ध झाला. सामना १-१ असा सुटला. १९ मार्च २०२५ रोजी शिलाँग येथे मालदीवविरुद्धच्या ३-० विजयातील पहिला गोलही त्याचाच होता. सुनील छेत्रीच्या पुनरागमनामुळे हा सामना अधिक लक्षात राहिला. हे दोन्ही गोल गोव्याच्या ब्रँडन फर्नांडिसने घेतलेल्या कॉर्नरवर, हेडरने झाले.