मेलेल्या राजाचं नाणं: रोम ते घारापुरी

लोकलमध्ये ऐकत असाल तर खिशातलं एखादं नाणं काढून बघा. त्यावर कोणाचं नाव आहे, हा प्रश्न आज महत्त्वाचा.

इ.स. २४९. रोममध्ये डेसियस नावाचा सेनापती आधीच्या सम्राटाला लढाईत हरवून गादीवर बसला. घराणं नाही, वारसा नाही. मग साधारण २५०च्या सुमारास चांदीची एक मालिका निघाली. ऑगस्टस, ट्रेजन, हेड्रियन... एकूण अकरा जुने सम्राट, सगळे कधीच गेलेले. पुढे चेहरा आणि ‘दिवो’, म्हणजे देव झालेला. मागे गरुड किंवा पेटलेली वेदी. गंमत म्हणजे सिनेटने देव ठरवलेला क्लॉडियस यात नाही, पण बदनाम कमोडस आहे! चांदीही तोवर बरीच भेसळीची झाली होती. थोडक्यात, नव्या माणसाने मेलेल्यांचं वजन उसनं घेतलं. पुढच्याच वर्षी गॉथ लोकांशी लढताना डेसियस मारला गेला.

आता आपल्याकडे या. उरणच्या किनाऱ्यावरून समोर दिसते ती घारापुरी. तिथे कलचुरी राजा कृष्णराजाची कमी किमतीची बरीच नाणी सापडलीत. हा राजा सहाव्या शतकातला. त्यावरूनच काही अभ्यासक लेण्यांचा संबंध कलचुरींशी जोडतात. त्याचं चांदीचं नाणं जेमतेम दोन ग्रॅमचं. पुढे राजाचा चेहरा, मागे नंदी आणि भोवती मजकूर. त्यात तो स्वतःला देव म्हणवत नाही. परममाहेश्वर म्हणवतो, म्हणजे शिवाचा मोठा भक्त, आणि आईवडिलांच्या पायांचं ध्यान करणारा. मला हे फार आवडतं.

खरी मजा पुढे आहे. सातव्या शतकाच्या सुरुवातीला चालुक्यांनी कलचुरींना हरवलं, सत्ता गेली. आणि तरी त्र्यंबकेश्वरजवळच्या अंजनेरीला सापडलेल्या इ.स. ७१०च्या ताम्रपटात पैशाचं नाव काय, तर ‘कृष्णराज रूपक’! राजा जाऊन सव्वाशेहून जास्त वर्षं झालेली. ताम्रपट देणारा भोगशक्ती चालुक्यांचा मांडलिक, म्हणजे ज्यांनी कलचुरींना संपवलं त्यांचाच माणूस. पण हिशोब मात्र कृष्णराजाच्या नावाने.

इथे कोणी त्याला देव केलं नव्हतं, टांकसाळीतून आठवण काढायचा हुकूमही नव्हता. व्यापाऱ्याला चांदी पटत होती, एवढंच. घारापुरीला गेलात की त्रिमूर्तीसमोर सेल्फी काढालच, पण त्या लेण्यात घाम गाळणाऱ्या एखाद्या पाथरवटाच्या मुठीत यातलंच एखादं नाणं असेल का, तेही मनात येऊ द्या. मी तर दर वेळी जेट्टीवर उतरलो की नकळत खाली बघत चालतो.