सुरुंग

सुरुंग (पु.) : खडकात, जमिनीत किंवा तटाखाली पेरलेली स्फोटक दारू, तसेच तिचा स्फोट. संस्कृत 'सुरुङ्गा' म्हणजे भुयार. कौटिल्याच्या 'अर्थशास्त्रा'त हा शब्द येतो. त्याचे मूळ ग्रीक 'सिरिंक्स'मध्ये असावे, असे अनेक अभ्यासक मानतात.

शब्दातल्या भुयाराचा स्फोट झाला तो किल्ल्यांच्या वेढ्यांत. तटाखालपर्यंत भुयार खणायचे, दारू ठासायची आणि बत्ती द्यायची. १६६० मध्ये चाकणचा संग्रामदुर्ग फिरंगोजी नरसाळ्याने जवळपास दोन महिने लढवला. शाहिस्तेखानाच्या सैन्याने सुरुंगाने बुरूज उडवल्यावरच तो पडला. साताऱ्याला १७०० मध्ये मात्र औरंगजेबाचा सुरुंग उलटला. तट बाहेरच्या अंगाला कोसळून मोगलांचेच सैनिक गाडले गेले.

जमिनीखालच्या मोकळ्या वाटेला मराठीत आता बोगदा म्हणतात. मुळशी धरणाचे पाणी सह्याद्रीपलीकडे भिऱ्याच्या वीजघराकडे जाते ते बोगद्यातून.

मुळशीच्या गावांत 'सुरुंग' हा शब्द मात्र विहिरीशी जोडलेला आहे. वरची माती आणि मुरूम कुदळीने निघतो, पण खाली काळा कातळ लागला की सुरुंगाशिवाय इलाज नसतो. पूर्वी पहारीने भोक पाडून दारू ठासत, वात पेटवत आणि वर पळत. पुढे काँप्रेसरने भोके पाडून जिलेटिनच्या कांड्या भरू लागले. स्फोटानंतर धूर आणि धूळ ओसरू द्यावी लागते, आणि उडालेले बार मोजावे लागतात. एखादा न उडता राहिला असेल, तर त्यावर पुन्हा पहार मारणे म्हणजे मृत्यूच. कितीतरी विहिरींचे पाणी असा जीव धोक्यात घालून मिळाले आहे, याची नोंद शब्दकोशातही हवी.

सुरुंग लावतात, पेरतात, उडवतात. बाँब टाकतात किंवा फेकतात. गॅसची टाकी फुटली तर तो नुसता स्फोट, कारण ती कोणी पेरलेली नसते. जोडशब्द : भूसुरुंग, पाणसुरुंग. गडचिरोलीतील जांभुळखेड्याजवळ १ मे २०१९ रोजी भूसुरुंगाच्या स्फोटात १५ पोलीस आणि वाहनचालक मारले गेले.

'बालेकिल्ल्याला सुरुंग' हा निवडणुकीच्या बातम्यांतला प्रयोग मूळ अर्थाला धरून आहे. 'स्वप्नांना सुरुंग' मात्र सैल वाटतो; तिथे खालून पोखरणारा कोणी दिसत नाही.