'क्षत्रप' : इराणातून नाशिकला आलेली पदवी

१/ निवडणुका जवळ आल्या की मराठी वृत्तपत्रांत 'क्षत्रप' अवतरतात. कोल्हापुरातही जिल्ह्यावर पकड असलेल्या नेत्याला हा शब्द सर्रास लावला जातो. शब्द अस्सल संस्कृत वाटतो. पदवी मात्र इराणी आहे.

२/ हखामनी सम्राट पहिला दारियस याने बेहिस्तूनच्या कड्यावर आपल्या ताब्यातील २३ देशांची नावे कोरविली (इ.स.पू. सुमारे ५२०). बाख्त्रियाचा अधिकारी दादर्शी याला तेथे हीच पदवी आहे. अर्थ : राज्याचा रक्षक. प्रांत त्याच्या हाती, सत्ता सम्राटाची.

३/ अलेक्झांडरने ते साम्राज्य बुडविले, पदवी उरली. शकांबरोबर ती तक्षशिला, मथुरा आणि पश्चिम भारतात आली. नाशिक-जुन्नरवर राज्य करणारा क्षहरात नहपान हा असाच एक क्षत्रप.

४/ पण कोणाचा? नाशिकच्या लेखांत तो 'राजा' आणि 'क्षत्रप', जुन्नरच्या ४६व्या वर्षाच्या लेखात 'महाक्षत्रप'. चांदीच्या नाण्यांवर मात्र फक्त 'राजा', तोही ग्रीक, ब्राह्मी व खरोष्ठी अशा तीन लिप्यांत. वरिष्ठ सम्राटाचे नाव कोठेही नाही. पदवी ताबेदाराची, वागणूक स्वतंत्र राजाची!

५/ त्याचा जावई उषवदात याने पांडवलेण्यांतील १० क्रमांकाचे लेणे भिक्षूंना दिले. शिवाय गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणीकडे २००० कार्षापण कायम ठेव म्हणून ठेवले. व्याज दरमहा शेकडा १, म्हणजे वर्षाला २४०. त्यातून २० भिक्षूंना वस्त्रासाठी प्रत्येकी १२. हिशेब चोख जुळतो.

६/ पुढे गौतमीपुत्र सातकर्णीने क्षहरातांचा उच्छेद केला. १९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभी येथे १३ हजारांहून अधिक नाणी सापडली : सारी नहपानाची, पैकी सुमारे दोन तृतीयांशांवर गौतमीपुत्राचा ठसा. चांदी वितळविली नाही. जुन्या नाण्यावरच नवा शिक्का मारला. अनेकांवर खालचा नहपान अजूनही दिसतो.

७/ जमिनीचेही तेच. उषवदाताकडे असलेले २०० निवर्तनांचे शेत गौतमीपुत्राने भिक्षूंना दिले. तो आदेश ३ क्रमांकाच्या लेण्यात आहे. राजवट बदलली, दानाची रीत तीच राहिली.

८/ म्हणून केवळ पदवीवरून कोणाला मांडलिक ठरवू नये. नाणे कोणाच्या नावाने पडते, ते पाहावे. नाशिकला गेलात तर ही दोन्ही लेणी एकापाठोपाठ अवश्य पाहा.