भरती सहाला

डोळे उघडा. जुलै 1973. पेणजवळचं भातखाचर, साडीचा काठ कमरेला खोचलेला, पिंढऱ्यांपर्यंत चिखल. वरळीचं दूरदर्शन केंद्र सुरू होऊन (2 ऑक्टोबर 1972) अजून वर्षही झालेलं नाही; ते अजून आकाशवाणीच्याच पंखाखाली आहे आणि तुम्ही तिथल्या नव्या निर्मात्या. शेतकऱ्यांच्या कार्यक्रमासाठी चिखलणी टिपायला आलात. ती टिपली, शेतकरीदादा बोलले, ड्रायव्हर घड्याळ बघतोय.

तेवढ्यात नांगरामागे बगळे उतरतात. बैलांच्या खुरांनी चिखल उसवला की बेडूक, किडे वर येतात. बगळ्यांना शोधाशोध करावी लागत नाही.

‘‘किती उरलंय?’’

‘‘तीस फूट, मॅडम.’’

शंभर फुटांच्या रिळातले तीस, म्हणजे पन्नास सेकंदही नाहीत. त्यात बोलेक्स कॅमेऱ्याची चावी भरली की अर्ध्या मिनिटात उतरते. म्हणून तुम्ही नुसत्या बघत राहता. कोणता बगळा बैलाला किती चिकटून चालतो, कशानं उडतो, परत कुठे बसतो, हे उमगेपर्यंत कॅमेरामनला हात लावू देत नाही. निसर्गपट करणाऱ्याचं खरं शिक्षण हेच, असं मला वाटतं; पुढे कॅसेटी आल्या आणि आधी शूट करा, मग बघू, अशी सवय लागली.

संध्याकाळी वरळीत रीळ धुऊन येतं. ही रिव्हर्सल फिल्म: निगेटिव्ह नाहीच, हातात आहे तीच एकुलती एक प्रत. तिलाच कात्री लावायची. कॉरिडॉरमधून स्मिता पाटील बातम्या वाचायला निघालीय, म्हणे जीनवरच साडी गुंडाळून. पडद्यावर कमरेखालचं कुणाला दिसणार? तुमचं मात्र लक्ष बगळ्यांवर. पांढरे पक्षी, काळा चिखल. कृष्णधवल पडद्यावर याहून देखणं काय दिसणार!

आता झपाझप पुढे. 1976 मध्ये दूरदर्शन आकाशवाणीपासून वेगळं होतं. 1982 मध्ये रंग येतो. फिल्म जाते, टेप येते. कॅमेरामन बदलतात, तुमच्या चष्म्याचा नंबर बदलतो. मध्ये कितीतरी परिसंवाद, मुलाखती, भावगीतं. त्यांतून वेळ चोरून केलेले दहा-दहा मिनिटांचे पक्षी.

थांबा. नव्वदचं दशक, शिवडीची जेट्टी. समोर चिखलात रोहित पक्षी, हजारोंनी, माना उलट्या करून चिखलपाणी गाळताहेत. खाडीपलीकडे माहुलच्या रिफायनरीच्या चिमण्या. नवा कॅमेरामन तिपाई सरकवत म्हणतो, ‘‘मॅडम, थोडं डावीकडे घेतो, चिमण्या कटतील.’’

तुम्ही नको म्हणता. हा कार्यक्रम परळ-चेंबूरची माणसं बघणार. त्यांच्या खिडकीतून चिमणी दिसते. पडद्यावर ती गायब झाली, तर हे पक्षी त्यांना आफ्रिकेतलेच वाटतील.

हातात अर्ध्या तासाची बेटाकॅम कॅसेट आहे, शेजारी आणखी चार. तरी पक्षी फार लांब आहेत. भरतीचं पाणी चढतं तसे ते काठाकडे सरकतात आणि भरती रोज पाऊण-एक तासानं पुढे जाते. तुमचं आयुष्य गेलं सेकंदावर चालणाऱ्या स्टुडिओच्या घड्याळाखाली. समुद्राला ते घड्याळ ठाऊक नाही. उद्याची गाडी किती वाजता मागायची?

जेट्टीवर जाळं शिवणाऱ्या काकांना तुम्ही भरतीची वेळ विचारता. ते उलट विचारतात,

‘‘उद्या तिथ कंची?’’

‘‘अष्टमी.’’

‘‘मग आठाची पाऊणपट करा, बाय. सहाला भरती.’’

त्यांचा हिशोब साधा आहे: तिथीला तीननं गुणायचं, चारानं भागायचं. सहाला भरती, म्हणजे साडेतीनपासून पक्षी जवळ येऊ लागणार. शिवडीचा किनारा पूर्वेकडे तोंड करून असल्यानं तेव्हा ऊनही तुमच्या पाठीमागून, थेट त्यांच्या अंगावर. तुम्ही पर्समधून गाडीच्या मागणीची चिठ्ठी काढता आणि वेळेच्या रकान्यात लिहिता: दुपारी तीन.