हुंडीपासून स्विचपर्यंत : नाचणगाव-पुलगावच्या कापूसपट्ट्यातील व्यापारी संदेशांची राखण

वर्धा जिल्ह्याच्या देवळी तालुक्यातील नाचणगाव हे पुलगावला लागून असलेले जुने गाव आहे. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा भुसावळकडून येणारा मार्ग १८६७ मध्ये नागपूरला पोहोचला आणि वर्धा नदीकाठचे पुलगाव स्थानक या परिसरातील कापूस मुंबई बंदराकडे रवाना करणारे ठिकाण बनले. पुढे जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कापडगिरणी आणि त्यानंतर आर्वीकडे जाणारी छोटी रेल्वे अशी भर पडत गेली. कापसाच्या गाठी डोळ्यांना दिसत असल्या, तरी या व्यापाराचा खरा भार भाव, मागणी आणि पैसे देण्याचा हुकूम या तीन न दिसणाऱ्या गोष्टींवर होता; त्या एका गावाहून दुसऱ्या गावी सुखरूप पोहोचल्या नाहीत, तर गाठी वखारीतच पडून राहत. आज ज्याला सायबरसुरक्षा म्हणतात, तिचा या भागातील पूर्वेतिहास या तीन गोष्टींच्या राखणीत सापडतो.

रोकड न हलवता पैसा पोहोचवण्याचे जुने साधन म्हणजे हुंडी, म्हणजेच एका पेढीने दुसऱ्या गावच्या पेढीला अमुक रक्कम द्यावी असे लिहिलेला कागद. दाखवताच पैसे द्यावयाची ती दर्शनी आणि ठरावीक दिवसांनी द्यावयाची ती मुदती, हे भेद सर्वपरिचित आहेत. परंतु सुरक्षेच्या दृष्टीने शहाजोग हुंडी अधिक लक्षणीय ठरते, कारण तिचे पैसे केवळ बाजारात पत असलेल्या, ओळखीच्या ‘शहा’लाच द्यावयाचे असत आणि भलत्याच्या हाती रक्कम दिल्यास तिची जोखीम पैसे देणाऱ्या पेढीवर येई. रक्कम एकदा आकड्यात व एकदा अक्षरांत लिहून तिचे निमे किती आणि त्या निम्म्याची दुप्पट किती हेही मजकुरात नोंदवले जाई, त्यामुळे एखादे शून्य वाढवणाऱ्याला तीन-चार ठिकाणी सुसंगत खाडाखोड करावी लागे. हुंडी काढल्याची सूचना देणारे पत्र स्वतंत्रपणे रवाना होई, म्हणजे कागद एका हाताने आणि त्याची खातरजमा दुसऱ्या वाटेने पोहोचे. हुंडी गहाळ झाल्यास ‘पैठ’ आणि तीही हरवल्यास ‘परपैठ’ अशा प्रती निघत. मात्र त्यांपैकी एकीचे पैसे दिले गेले की बाकीच्या निकामी ठरत. मारवाडी पेढ्यांच्या वह्या बहुधा काना-मात्रा गाळून लिहिलेल्या महाजनी लिपीत असत, जी परक्याला सहज लागत नसे. या साऱ्या रीती शेठजींना स्वतःला ठाऊक असत, आणि हीच या व्यवस्थेतील सर्वांत महत्त्वाची बाब होती: मुनीम कितीही विश्वासू असला, तरी कोणती सही खरी, कोणत्या पेढीचे अक्षर कसे आणि कोणत्या हुंडीची सूचना अजून आलेली नाही, याची जाण मालकाकडेच राही.

तारेने या व्यवस्थेचा वेग बदलला. भारतात तार १८५५ पासून सर्वसामान्यांना खुली झाली आणि १८७० मध्ये समुद्राखालून टाकलेल्या तारेने मुंबई सुएझमार्गे इंग्लंडशी जोडली गेली, तेव्हा लिव्हरपूलच्या कापूसबाजारातील भाव वऱ्हाड आणि वर्धेच्या खोऱ्यापर्यंत थोड्याच काळात येऊ लागला. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात तेथील कापूस अडला होता आणि हिंगणघाटच्या कापसाचे नाव परदेशी व्यापाऱ्यांच्या तोंडी झाले होते, त्यामुळे भावाची बातमी शेजाऱ्याच्या आधी कळणे हाच नफ्याचा मार्ग ठरला. तार मात्र अनेक परक्या हातांतून जाई. म्हणून व्यापारी सांकेतिक शब्दकोश वापरू लागले, ज्यात एका शब्दाने पूर्ण वाक्याचा अर्थ व्यक्त होई. विल्यम क्लॉझन-थ्यू यांचा ‘ए. बी. सी. कोड’ १८७० च्या दशकात निघाला, तो याच प्रकारचा. त्याचा पहिला हेतू शब्दांचे शुल्क वाचवण्याचा होता, गुप्तता हा त्यामागून मिळालेला लाभ; शिवाय छापील कोश कोणालाही विकत मिळत असल्याने ती गुप्तता बेताचीच होती. संदेशात ढवळाढवळ होऊ शकते, हे युरोपने त्याआधीच अनुभवले होते: फ्रान्समधील ब्लांक बंधूंनी १८३४ ते १८३६ या काळात सरकारी दृक्-तारेच्या, म्हणजे मनोऱ्यांवरील खुणांनी संदेश नेणाऱ्या व्यवस्थेच्या, कर्मचाऱ्याला लाच देऊन संदेशांत ठरावीक चुका घुसवल्या आणि पॅरिसमधील रोख्यांचा भाव बोर्दोमध्ये इतरांच्या आधी जाणून घेतला. भारतात १८८५ च्या तार कायद्याने चोरून संदेश जाणून घेणे आणि कर्मचाऱ्याने तो फोडणे हे गुन्हे ठरवले.

येथे एक गोष्ट नोंदवणे न्यायाचे ठरेल की व्यापारातील प्रत्येक गुप्तता भल्यासाठी नव्हती. रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरवण्याची ‘हत्ता’ पद्धत दलाल आणि खरेदीदार यांच्यात रहस्य राखत असे, पण ज्याचा कापूस विकला जात होता त्या शेतकऱ्यालाच ती अंधारात ठेवत असे. वऱ्हाडात १८९७ च्या कायद्याने आणि मध्य प्रांतात १९३२ च्या कायद्याने कापूसबाजारांचे नियमन सुरू झाले; पुढे नियंत्रित बाजारांत उघड बोलीचा आग्रह धरला गेला तो यासाठीच.

विसाव्या शतकात पेढ्यांची जागा बँकांनी, आणि महाराष्ट्रात विशेषतः सहकारी बँकांनी घेतली. संगणक आल्यावर हिशेब अधिक अचूक झाला. परंतु राखणीची जाण मालकाच्या गादीवरून उठून संगणक विभागाच्या खोलीत गेली, आणि संचालक मंडळे कर्जवाटप, ठेवी व थकबाकी यांवर तासन्‌तास बोलत असताना यंत्रणेचा विषय सामान खरेदीच्या मंजुरीपुरता उरला. या स्थित्यंतराची किंमत पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवरील हल्ल्याने दाखवून दिली. १९०६ मध्ये स्थापन झालेल्या या बँकेच्या यंत्रणेत घातक प्रणाली घुसवून हल्लेखोरांनी एक बनावट स्विच उभा केला. स्विच म्हणजे एटीएमकडून आलेली मागणी बँकेच्या मुख्य हिशेबप्रणालीकडे नेऊन होकार किंवा नकार परत आणणारा दुवा. ११ ऑगस्ट २०१८ रोजी, शनिवारी, या बनावट दुव्याने बँकेला न विचारताच होकार देणे सुरू केले आणि २८ देशांतील एटीएममधून बनावट कार्डांद्वारे पैसे निघाले. १३ ऑगस्टला आंतरराष्ट्रीय बँकांच्या ‘स्विफ्ट’ या संदेशव्यवस्थेतून आणखी सुमारे १४ कोटी रुपये हाँगकाँगमधील खात्यात गेले. एकूण हानी सुमारे ९४ कोटींची होती. शहाजोग हुंडीच्या भाषेत सांगावयाचे, तर येथे ‘शहा’ची ओळख पटवणारा दरवानच बदलला गेला होता.

नियामकाचे लक्ष मात्र या घटनेआधीच वळले होते. रिझर्व्ह बँकेने २ जून २०१६ च्या परिपत्रकात व्यापारी बँकांना माहिती-तंत्रज्ञानाच्या धोरणाहून वेगळे, संचालक मंडळाने मंजूर केलेले सायबरसुरक्षा धोरण करण्यास सांगितले होते. नागरी सहकारी बँकांसाठी तसाच पायाभूत आराखडा १९ ऑक्टोबर २०१८ रोजी आला आणि डिसेंबर २०१९ मध्ये बँकांच्या डिजिटल व्याप्तीनुसार चार स्तर ठरले. ‘मंडळाने मंजूर केलेले’ ही अट कागदी वाटते, पण तिचा रोख स्पष्ट होता: जबाबदारी पुन्हा गादीवर आणणे. बँकांसह इतर उद्योगांसाठीही ‘सर्ट-इन’ या केंद्रीय संस्थेने २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनी हल्ल्याची सूचना सहा तासांत देणे बंधनकारक केले. इतक्या थोड्या वेळात कळवावयाचे, तर कारखान्याच्या मालकाला निदान कोणाला हाक मारावयाची हे आधीच ठाऊक असावे लागते.

कापूस व्यवहारातही आज गाठींच्या मालकीची व रकमेची बोलणी ईमेलवर होतात आणि ‘आमचे बँक खाते बदलले आहे’ अशा बनावट पत्राने पैसे भलतीकडे वळवण्याचा प्रकार जगभर परिचित आहे. त्यावरचा उपाय, म्हणजे आधीपासून माहीत असलेल्या क्रमांकावर फोन करून खात्री करणे, हा हुंडीमागून स्वतंत्र वाटेने येणाऱ्या सूचनापत्राचाच वारस आहे.

जुलै २०२४ अखेरीस सी-एज टेक्नॉलॉजीज या सेवा पुरवणाऱ्या कंपनीवर रॅन्समवेअरचा, म्हणजे माहितीला कुलूप लावून खंडणी मागणाऱ्या प्रणालीचा, हल्ला झाला आणि खबरदारी म्हणून तिला देयकांच्या जाळ्यापासून तोडण्यात आले. तिच्यावर अवलंबून असलेल्या सुमारे ३०० सहकारी व ग्रामीण बँकांच्या ग्राहकांचे डिजिटल व्यवहार त्यामुळे थांबले. त्या बँकांवर थेट हल्ला झालेला नव्हता. त्यांचा दुवा ज्या परक्या हातात होता, तो हात तुटला होता, आणि आपल्या बँकेचे व्यवहार कोणाच्या यंत्रणेतून जातात हे अनेक ग्राहकांना त्या दिवशी प्रथमच कळले.